तोंडपाठ तक्ता

माझा नंबर उणे चौदा. पनवेलच्या ज्या दुकानात मी लहानपणापासून चष्मा करते, तिथला इंग्रजी अक्षरांचा तक्ता एकदाही बदललेला नाही. दरवर्षी दुकानदारकाका एकेक डोळा झाकून "आता खालची ओळ" म्हणायचे आणि मी ती म्हणून दाखवायचे. अगदी तळाची, जी मला कधीच दिसली नाही, तीसुद्धा. इंग्लिश मीडियमने मला दोनच गोष्टी पक्क्या शिकवल्या: पाठांतर करणं आणि चारचौघांत उत्तर न चुकवणं.

"नंबर स्टेबल झाला बरं का, वहिनी," काका या वर्षीही म्हणाले. आईने पेढे तेवढे वाटले नाहीत.

त्यानंतर महिनाभराने मावशीच्या उलव्यातल्या नव्या फ्लॅटवर सोफ्यात कुशीवर लोळत होते. उजवा डोळा उशीत रुतलेला. डाव्याला दाराची चौकट मधोमध वाकलेली दिसली. "मावशी, चौकट वाकडी आहे," मी म्हटलं. मी सहसा काही बोलत नाही, त्यामुळे बोलले की लोक विश्वास ठेवतात. मावशीने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं आणि आणखी तीन घरांना आपापल्या चौकटी वाकड्या असल्याचा साक्षात्कार झाला. बिल्डरचा माणूस ओळंबा लावून "सरळ आहे" म्हणाला. उलव्यात बिल्डरच्या माणसावर कोण विश्वास ठेवतं!

डोकं उचललं की चौकट सरळ व्हायची, हे मला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. पण ग्रुपवर एवढी चर्चा झाल्यावर मध्येच काय सांगणार?

चार महिन्यांनी आईने ठरवलं, लग्नाचं बघायच्या आधी ऑपरेशन करून नंबर काढून टाकू. डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणाऱ्या मुलीने माझा उजवा डोळा झाकला आणि समोर तक्ता लावला. मराठी. ग, म, र, असलं काहीतरी. ओळींच्या मधोमध एक करडा डाग होता आणि अक्षरं त्याच्या मागे जाऊन बसली होती.

मी मान तिरकी करून पाहिली, डागही सोबत सरकला.

"इंग्लिश मीडियमची आहे हो," आई लगबगीने म्हणाली. "मराठी जरा कच्चं आहे तिचं. एबीसीडीवालं लावा ना."

ती मुलगी खरंच उठली. एबीसीडी लावलं असतं तर मी या परीक्षेतही पहिली आले असते.

"आई, अक्षरं येतात मला," मी म्हटलं. "दिसत नाहीयेत."

मग बाहुल्या मोठ्या करणारे थेंब, मशिनं, फोटो. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं: डोळा मागच्या बाजूने लांबत गेलाय, आतला पडदा ताणून विरलाय, आणि बरोबर मध्यभागी रक्त झिरपलंय. डोळ्यात इंजेक्शनं देऊन उरलेली नजर टिकवायची. गेलेली परत येईलच, असं नाही.

"लवकर का नाही आलात? सरळ रेषा वाकड्या दिसत असतील ना?"

"छे हो, तसलं काही नाही तिला," आई म्हणाली.

"दिसतात," मी म्हटलं. "मावशीकडच्या चौकटीपासून."

आईने माझा चष्मा पदराने पुसला, पुन्हा पुसला.

"आणि आम्ही त्या बिल्डरला शिव्या घालतोय," ती म्हणाली.