वाटीचा आवाज

बाई माशी वाटीत टाकायची, मान जराशी कलती करायची आणि म्हणायची, "उपाशी." लगेच तिचं ब्लेड चालायचं.

तुम्ही म्हणाल, कसली माशी? सांगते. नव्वदीच्या शेवटी शेवटी नाशिकला अंबडच्या एका गाळ्यात आम्ही दहाबारा बायका परदेशी जाणाऱ्या खोट्या माश्या बांधायचो. थंड पाण्यात ट्राउट नावाचा मासा असतो म्हणे, त्याला फसवायला. आमच्यातल्या एकीनंही तो कधी पाहिला नव्हता. शिकंज्यात बारीकसा गळ धरायचा, त्याच्या दांडीवर शिशाची तार गुंडाळायची, वरून मेण लावलेला दोरा, दोऱ्यावर सशाची लव, मागे शेपटीला पिसाच्या दोन काड्या. झाली पाण्याच्या तळाशी राहणारी अळी. शिसं आत झाकलेलं. घाईत एखादी ते घालायलाच विसरायची आणि माशी वरून तशीच देखणी दिसायची. पण ती बुडायची नाही. तिला आम्ही उपाशी म्हणायचो.

उपाशी शोधून काढणं हे बाईचं काम. खिडकीजवळची खुर्ची तिची, पुढ्यात स्टीलची वाटी. शिसं असलं की वाटी टण्ण वाजायची, नसलं की नुसती टिक. नव्या पोरींच्या माश्या ती मुद्दाम सगळ्यांसमोर कापायची. "डोळे दिलेत ना देवानं? का नवऱ्याकडं बघूनच संपले?" आम्ही फिदीफिदी हसायचो. दुसरीची खरडपट्टी निघताना हसू येतंच. तुम्हीही हसला असतात.

पण खरी धार तिनं सुनेसाठी राखून ठेवली होती. मंगल माझ्या शेजारच्या शिकंज्यावर बसायची. तिच्याइतका सफाईदार हात गाळ्यात दुसरा नव्हता. "घरची हाय म्हणून सोडू काय?" असं म्हणत बाई तिच्या चांगल्या माश्याही कापायची. शेपूट लांब झालं, लव जाड झाली, काहीही. मंगल खाली मान घालून पुन्हा बांधायला घ्यायची.

एकदा वणीहून निरोप आला, मंगलची आई सिरियस आहे. शेठ म्हणाले, जाऊ दे तिला. बाईनं खुर्चीतून मानही वळवली नाही. "म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं, शेठ. ऑर्डर जाऊ द्या, मग जाईल." मंगल नुसती "आत्या, आत्या" करत राहिली. ऑर्डर गेली. ती वणीला पोचली तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. परत कामावर आली त्या दिवशी बाईनं तिची पहिलीच माशी कापली. "हात कापतोय तुझा. रडायचं ते घरी." तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. मला तर ते ब्लेड तिच्या हातून हिसकावून घ्यावंसं वाटलं होतं.

संध्याकाळी सुटल्यावर सासू पुढे, सून मागे. गाळ्याच्या दाराला एक चांगली उंच पायरी होती. तिथं आलं की मंगल हळूच म्हणायची, "पायरी, आत्या." रोज. आम्हाला वाटायचं, काय ही सेवा, आणि तीही असल्या सासूची.

खरी गोष्ट मंगलनंच मला मागाहून सांगितली. बाईचे डोळे गेले होते. मोतीबिंदू पार पिकला होता. ऑपरेशनची तिला भीती होती, आणि कोणाला कळलं तर खुर्ची जाईल याची त्याहून जास्त. तिचं सगळं त्या वाटीच्या आवाजावर चाललं होतं. शेपूट लांब आणि लव जाड हे सगळं थोतांड, दिसत कुठं होतं तिला? घरी तांदूळ निवडताना मंगलच्या हे केव्हाच लक्षात आलं होतं. तिनं बाहेर ब्र काढला नव्हता.

मग परदेशातून तक्रार आली, मालात उपाशी निघाल्या. शेजारच्या गाळ्यातलं प्रेस मशीन सुरू असलं की बाईला वाटी ऐकू येत नसावी. शेठ भडकले. "आजचा माल माझ्यासमोर तपासायचा," म्हणाले आणि खुर्ची ओढून तिच्या पुढ्यातच बसले.

बाईनं पहिली माशी टाकली. टिक. "उपाशी." ब्लेड. दुसरी टाकली. टिक. "उपाशी." तो ढीग माझा होता, शिसं मी स्वतः गुंडाळलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मंगलनं टेबलाखालून माझा गुडघा दाबला. बाई चेव आल्यासारखी कापत सुटली होती. "बघा शेठ, कशा फसवतात तुम्हाला."

शेठनी एक कापलेली माशी उचलून उजेडात धरली. आत करडं शिसं चमकत होतं. "बाई, हे शिसं नाही तर काय आहे?"

बाई त्यांच्या आवाजाकडे बघत होती. शेठनी माशी तिच्या डोळ्यांसमोरून हळूच बाजूला नेली. तिची नजर होती तिथंच राहिली. शेठनी माशी टेबलावर ठेवली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "उद्यापासून येऊ नका, बाई."

आवराआवर करताना मी वाटी उलटी करून पाहिली. तळाला बाहेरून दोऱ्याच्या मेणाचा गोळा थापून बसवला होता. अशी वाटी वाजणार कशी? मंगल माझ्याकडेच बघत होती. मी वाटी सरळ करून ठेवली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

सुटताना मंगल पुढे निघाली. काही न बोलता पायरी उतरली आणि चालू लागली. बाई दारापर्यंत आली आणि थांबली. एक पाय पुढे करून तिनं हवेत चाचपलं, परत मागे घेतला.

"मंगल, पायरी आली का गं?"

सगळ्यांच्या देखत विचारलं तिनं. आम्ही तिथंच चपला घालत होतो, एकीनंही तोंड उघडलं नाही. मंगल फाटकाशी पोचली होती, दोघींचे डबे हातात घेऊन. ती मागे वळली नाही. पुढेही गेली नाही, थांबून राहिली.

बाईनं थोडा वेळ वाट पाहिली. मग पदर कमरेला खोचला, उंबऱ्यावर बसली आणि रांगतं पोर उतरतं तशी, बसल्या बसल्या, पायरी उतरली.