‘हाय’ला बंदी

माझ्या भाचीच्या हातातोंडाशी आलेली नोकरी दोन अक्षरांच्या एका शब्दाने घालवली. शब्द होता ‘हाय’. तो बंदी घातलेल्या शब्दांच्या यादीत बसवणारे सद्गृहस्थ आणि त्यावर माना डोलावणारी मंडळी अजूनही नगर-भिंगारमध्ये ताठ मानेने हिंडतात, चहाला बोलावलं तर येतात आणि समाजसेवेवर बोलतात. मी त्यांच्यातच बसत होते, म्हणून कोण किती पाण्यात आहे ते मला चांगलं ठाऊक आहे.

भिंगारला लष्कराच्या एका कचेरीत टायपिंग करून मी निवृत्त झाले. हाताला सवय, फोनवर मराठी झरझर लिहिता यायचं. जिल्ह्यातल्या एसटी प्रवाशांचा इंटरनेटवर एक ग्रुप होता, त्यात मी शिरले. कुठली गाडी सुटली, कुठली रद्द झाली, कोणाची पिशवी सीटखाली राहिली, असलं सगळं तिथे विचारायचं. उत्तर द्यायला कंडक्टर होते, स्टँडवरचा चहावाला होता, कॉलेजची पोरं होती. श्रीरामपूरच्या गाडीचं विचारलं तर चहा निवायच्या आत उत्तर यायचं. ग्रुप खरंच कामाचा होता, आणि तो कामाचा होता तोवर त्याला कोणी नियंत्रक नव्हता.

मग जाहिराती सुरू झाल्या. घरबसल्या कमवा, पाच मिनिटांत कर्ज मिळवा, गुडघेदुखीचं तेल लावा आणि पळत सुटा. प्रत्येक भामटा सुरुवात एकाच थाटात करायचा, ‘हाय फ्रेंड्स’ नाहीतर ‘हाय डिअर’. गाडीचं विचारणारा माणूस त्या कचऱ्यात दिसेनासा झाला. ग्रुप काढणारे सर, म्हणजे हायस्कुलातून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक, यांनी आवाहन केलं: ‘समूहाच्या शुद्धीकरणासाठी मानद नियंत्रक हवेत.’ ग्रुप म्हटलेलं सरांना खपत नसे. समूह म्हणायचं.

पगार नाही म्हटल्यावर कोण येणार, असं मला वाटलं होतं. माझा अंदाज सपशेल चुकला. झुंबड उडाली. ज्याला घरात पंखा कितीवर ठेवायचा तेही कोणी विचारत नाही, त्याला लोकांच्या बोलण्यावर ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ अशी दोन बटणं फुकट मिळत होती. सरांनी स्वतःला धरून पाचजण निवडले. त्यात एक भाऊ होते, प्रभागातले होतकरू पुढारी. निवड झाल्याच्या दुसऱ्या दिवशी चौकात त्यांचा फ्लेक्स लागला. काळा गॉगल, कानाला मोबाईल आणि खाली ‘मानद नियंत्रकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. मला का घेतलं? फोटोत एक बाई हवी होती. तसं सरांनी जरा सभ्य शब्दांत सांगितलंही.

कामाच्या पाळ्या ठरल्या आणि त्या कोणी पाळल्या नाहीत. भाऊंनी पहिल्या आठवड्यात एकच जाहिरात काढून टाकली, ती त्यांच्या विरोधी पार्टीतल्या माणसाच्या टायरच्या दुकानाची. त्यांच्या मेव्हण्याच्या प्लॉटिंगची जाहिरात मात्र रोज सकाळी यायची. मी विचारलं, तर म्हणाले, “म्याडम, ती जाहिरात नाही, ती माहिती आहे.” बाकीचे दोघे एकमेकांच्या शुभ सकाळच्या चित्रांना मंजुरी देण्यात गुंतलेले. ती चित्रं काढून टाकली तर पाठवणाऱ्याचा अपमान होतो म्हणे.

शेवटी सरांनीच शक्कल लढवली. ग्रुपच्या सेटिंगमध्ये एक यादी असते. तिच्यात शब्द टाकायचा, आणि तो शब्द असलेला मजकूर कोणी लिहिला की तो ग्रुपवर न दिसता आपोआप बाजूच्या कप्प्यात जाऊन पडतो. लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. यादीची किल्ली सरांकडे आणि कप्प्यावर नजर ठेवायचं काम भाऊंकडे. सरांनी ‘कर्ज’ टाकलं, ‘कमवा’ टाकलं, आणि आपण फार मोठा शोध लावल्याच्या ऐटीत ‘हाय’ टाकलं. मराठी शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला त्या क्षणी आठवलं नाही, की या जिल्ह्यात निम्मी माणसं ‘आहे’ला ‘हाय’ म्हणतात. बस स्टँडवर तर जो तो एकच विचारत असतो, गाडी हाय का?

ग्रुप शांत झाला. इतका शांत, की एकाही नियंत्रकाला शंका आली नाही. उलट भिंगारच्या बाजारातल्या एका हॉटेलच्या माडीवर सत्काराचा कार्यक्रम ठरला. आपणच आपल्याला शाल आणि नारळ द्यायचा, असा तो बेत होता.

आता भाचीचं सांगते. माझ्या थोरल्या बहिणीची ही मुलगी राजूरच्या पुढे डोंगरातल्या एका वाडीत दिलेली. नवरा कामाच्या नावाखाली बाहेर जातो तो सणालाही उगवत नाही. पदरात एक मुलगी. नगरला मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकघरात मदतनीस हवी होती. पगार बेताचा, पण राहायला खोली मिळणार होती आणि तिच्या पोरीला जवळच्या शाळेत घालता येणार होतं. मी ओळखीतून शब्द टाकला होता. वसतिगृहाच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, सोमवारी अकराच्या आत कागद घेऊन समोर उभी राहिली तर जागा तिची, नाहीतर दुसरी बाई तयार आहे. भाचीने पोरीचे कपडे आधीच बांधून ठेवले होते.

तिकडे तेव्हा रस्त्याचं काम चाललेलं. नगरची सकाळची गाडी एक दिवस राजूरपर्यंत यायची, एक दिवस अकोले या तालुक्याच्या गावातूनच सुटायची. भाचीला ग्रुपमध्ये मीच घेतलं होतं. काही अडलं तर तिथे विचार, लगेच उत्तर येतं, असं छातीठोकपणे सांगितलंही होतं. तिला टाईप करायचा कंटाळा. ती फोनशी बोलते आणि फोन लिहितो, जसं बोलते तसंच.

सोमवारी दुपारी ती भिंगारला माझ्या दारात उभी राहिली. हातात कागदांची पिशवी. चेहऱ्यावरून मी ओळखलं.

“मावशे, गेली गं जागा,” ती म्हणाली. “सकाळपासून राजूरला उभी हुते. गाडीच आली न्हाई. मग जीप धरून अकोल्याला आले, तवर ती गाडी कवाच गेल्ती. हितं पोचले तर दुसरी बाई कणीक मळत बसल्याली.”

मी तिच्यावरच खेकसले. “अगं, मग आदल्या दिवशी विचारायचं नाही का कोणाला?”

“इचारलं की. तुझ्याच गुरपावर इचारलं.”

“मला तर काही दिसलं नाही.”

“कोनीच काय बोललं न्हाई. मला वाटलं, गाडी न्हेमीसारखीच आसंल, म्हनून कोन बोलत न्हाई.” तिने पिशवी खाली ठेवली. “पोरगीनं दप्तर भरून ठिवलंय, मावशे. आता तिला काय सांगू?”

तिला जेवायला वाढलं आणि फोन घेऊन बसले. भाऊंच्या ताब्यातला तो कप्पा उघडला. भाऊंनी तो एकदाही उघडला नव्हता हे पहिल्याच नजरेत कळलं. प्रत्येक मजकुरावर लाल अक्षरांत शिक्का होता, ‘संशयित मजकूर’. आणि खाली ते संशयित: ‘श्रीरामपूरला शेवटची गाडी हाय का?’ ‘म्हातारी एकलीच बसली हाय गाडीत, नगरला कोनी उतरवून घ्या.’ ‘पेपर हाय उद्या, पहिली गाडी किती वाजता?’ तेलवाले आणि कर्जवाले त्यात शोधूनही सापडेनात. ते केव्हाच शहाणे होऊन ‘हाय’ऐवजी ‘नमस्कार मित्रांनो’ आणि ‘कर्ज’ऐवजी ‘लोन’ लिहायला लागले होते. हायवे आणि हायस्कूल लिहिणारेही अडकले होते, कारण ती अक्षरं कुठेही दिसली की मजकूर आत. ‘सहाय्य करा’ म्हणणारा एकजणही त्यात पडला होता. मधोमध माझी भाची होती. ‘उद्या सकाळची नगरची गाडी राजूरवरून हाय का? लई गरजेचं हाय.’

अंगाची लाही लाही झाली. सत्कार त्याच संध्याकाळी होता. भाची आपल्या गावाकडच्या गाडीत बसली आणि मी तडक त्या माडीवर गेले. नारळ ताटात मांडले होते. मी शालीकडे न बघता सगळं वाचून दाखवलं आणि म्हटलं, “तो शब्द आत्ताच्या आत्ता काढा. एका बाईची नोकरी गेली आहे.”

सर शांतपणे म्हणाले, “वाईट झालं. पण आपल्याला समूहाचा दर्जा राखायचा आहे. ‘आहे’ लिहायला त्यांना काय अडचण आहे?”

भाऊ म्हणाले, “म्याडम, एकासाठी नियम मोडला तर उद्या सगळेच मागतील.”

“सर, ‘सहाय्य’ लिहिणाराही अडकला आहे,” मी म्हटलं.

सर एकदम सावरून बसले. “काय सांगता? ‘सहाय्य’ अडकतं? हे मात्र गंभीर आहे. ते ताबडतोब बघावं लागेल.”

एवढ्या वेळात त्या माणसाच्या कपाळावर आठी पडली ती या एका शब्दासाठी. माझी भाची त्यांच्या लेखी अशुद्ध होती, बुडाली तरी चालण्यासारखी. मी पुढे बोलणार तेवढ्यात सरांचा फोन वाजला. त्यांची आई पाथर्डीकडे गावी असते. म्हातारीला ऐकू कमी येतं, त्यामुळे सरांना मोठ्याने बोलावं लागलं.

“व्हय आये! न्हाई, जेवलो न्हाई अजून. मिटिंगमधी हाय. व्हय, गोळी घेतली हाय. तू जेवलीस का? कोन हाय तुज्याजवळ?”

भाऊ खारे शेंगदाणे सोलायला लागले. सरांनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “तर, आपण कुठे होतो?”

“‘हाय’वर होतो, सर.”

त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. क्षणभर मला आशा वाटली. माणूस स्वतःच्या आईशी ज्या भाषेत बोलतो तिची तरी त्याला चाड असेल, असं वाटलं. पण सरांनी घसा साफ केला. “घरची भाषा घरी. समूह सार्वजनिक आहे.” आणि ठराव झाला. ‘सहाय्य’ला सूट द्यायची, ‘हाय’ची बंदी कायम ठेवायची, आणि ग्रुपच्या माथ्यावर सूचना लावायची: ‘सभासदांनी हाय ऐवजी आहे लिहून सहकार्य करावे.’ चार हात वर गेले. नारळ वाटले गेले. माझा नारळ मी तिथेच टेबलावर सोडला. तो भाऊंनी उचलला असणार.

इतकी कोती, इतकी भेकड माणसं मी कचेरीत साहेबांच्या मागेपुढे नाचणाऱ्यांतही पाहिली नव्हती. कचेरीतल्यांना निदान पगार मिळायचा.

यादीला हात लावणं माझ्या हातात नव्हतं. पण कप्प्यातला मजकूर एकेक करून मंजूर करायचं बटण माझ्याकडेही होतं. घरी आले, चपला काढल्या आणि तशीच ओट्याशी उभी राहून दाबत सुटले. सगळ्यांना बाहेर काढलं. भाचीचाही प्रश्न सोडला. त्याचा आता काही उपयोग नाही हे माहीत असूनही सोडला, कारण तो तिथे ‘संशयित’ म्हणून पडलेला मला बघवत नव्हता.

प्रश्न आदल्या दिवशीचा होता, पण तारीख कोण बघतं? दूध ओट्यावरून गॅसवर ठेवते न ठेवते तोच उत्तरं यायला लागली. एका कॉलेजच्या पोराने लिहिलं, ‘ताई, राजूरवरून नाही, अकोल्यातून सुटते.’ कोणी लिहिलं, ‘राजूरला थांबू नका, जीपने थेट अकोल्याला या.’ बाकीची उत्तरं पुन्हा कप्प्यात अडकली, ती मी हाताने सोडवली. त्यातलं एक त्याच गाडीच्या कंडक्टरचं होतं. ‘ताई, त्या गाडीवर मीच हाय. थोडा उशीर झाला तरी थांबतो, काळजी करू नका.’

मी गॅस बंद केला आणि खुर्चीत बसले. भाची तेव्हा परतीच्या गाडीत असणार, मांडीवर तीच पिशवी. तिच्याही फोनवर हे सगळं एकामागून एक वाजत असणार.

थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं. ग्रुपवर नाही आलं, कप्प्यात आलं. वर लाल अक्षरांत ‘संशयित मजकूर’, आणि खाली लिहिलेलं, ‘कळलं. आभारी हाय.’