जिवानाची आवराआवर

सर्बियातल्या पिरोत गावच्या बसस्थानकावर जिवानाच्या आवाजाशिवाय एकही गाडी हलत नसे, असा एक काळ होता. खिडकीत बसून ती तिकिटं द्यायची आणि भोंग्यावरून गाड्या पुकारायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली, तरी बाजारात कुणी भेटलं की हटकून विचारायचं, "काय जिवाना, निशची गाडी आज किती उशिरा?" ती तिथल्या तिथे ऐकवायची, "तुझ्या लग्नासारखी. येईल तेव्हा खरी."

मधुमेह तिला पन्नाशीत चिकटला. हृदयाचं दुखणं नंतर आलं, एका झटक्याबरोबर, आणि मुक्कामालाच राहिलं. डॉक्टर कोस्तिचबाईंनी तिला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "हृदय थकलंय. नवं मिळणार नाही. पण सांभाळलंत तर पुष्कळ चालेल." मग जिवानानं सांभाळायला घेतलं. सकाळी उठली की आधी वजनकाटा, मग बोटाला टोचून साखर, मग पोटात इन्सुलिन, मग गोळ्या. त्यातली एक अंगातलं पाणी काढणारी. ती पोटात गेली की दुपारपर्यंत संडासापासून लांब जायची सोय नाही. गावातल्या कुठल्या कॅफेत आत जाऊ देतात आणि कुठे आधी कॉफी मागवावी लागते, हे तिला तोंडपाठ झालं होतं.

नवरा ट्रिफुन टायरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. तो बिनमिठाचा पाव तिच्या बरोबरीनं निमूट खायचा, आणि मग मागच्या अंगणात जाऊन धुरी दिलेल्या सॉसेजचा तुकडा तोंडात टाकून यायचा.

"मिशीला वास येतोय," जिवाना म्हणायची.

"मांजरीला घालत होतो."

"मांजर गेल्या ईस्टरला मेली रे."

असं सगळं बरं चाललं होतं. पण त्या हिवाळ्यात साखर चढायला लागली. जिवाना वैतागली. एवढं पथ्य करून हे फळ? शेजारची पेर्सा कुंपणापाशी उभी होती, तिच्यापाशी तिनं रडगाणं गायलं.

"अगं, मग रसोल पी की," पेर्सा म्हणाली. थंडीसाठी पिंपात कोबी आंबवतात, त्याचं ते आंबट पाणी. "माझ्या जावेची साखर त्यानंच उतरली. रोज अनशापोटी एक पेला. आणि कोबीच तो, कोबीनं काय होतंय?"

कोबीनं खरंच काय होतंय? जिवानाच्या तळघरात पिंप भरलेलं होतं. कोबी तिला मना होता, तो ट्रिफुनसाठी. पण पाणी म्हणजे काही कोबी नव्हे, असा तिनं सोयीचा अर्थ लावला. पहिला पेला प्यायली आणि तिला जिभेवर काहीतरी परत आल्यासारखं वाटलं. इतक्या दिवसांच्या अळणी खाण्यानंतर तो आंबटखारट घोट! दुसऱ्या आठवड्यात एकाचे दोन पेले झाले. साखरही उतरली. जिवाना मनातल्या मनात पेर्साला दुवा देत राहिली.

पुढे वजनकाटा बिथरला. रोज आकडा वर. जेवण तर उलट कमी झालेलं, भूकच लागत नव्हती. "काटा बिघडलाय," म्हणून तिनं तो पलंगाखाली सरकवला. मग मोज्यांचे वळ पायावर खोल उमटायला लागले. बूट चढेनात. एका उशीच्या तीन उशा झाल्या. ऑस्ट्रियातल्या लिंझहून मुलीचा, वेस्नाचा, फोन आला की ती दोन वाक्यं बोलायची आणि "थांब, दुधाकडे बघते" म्हणून फोन ट्रिफुनच्या हातात द्यायची. चुलीवर दूध नसायचंच. दम संपलेला असायचा.

जिवानाची आई अशीच गेली होती. हिवाळ्यातच, पाय सुजून, उशांना टेकून. तेव्हा जिवानानं गणित मांडलं, आणि उत्तर तिला स्पष्ट दिसलं. ती रडली नाही. पण डॉक्टरांकडेही गेली नाही. "तोंडावर ऐकून काय करायचंय? जे आहे ते आहे," असं तिनं स्वतःशी म्हटलं आणि आवराआवर सुरू केली.

पहिल्यांदा तिनं शवपेटीत जाताना घालायचे कपडे काढून इस्त्री केले. मग लोकरी कॉलरचा चांगला कोट पेर्साला देऊन टाकला. "मला आता जड होतो," एवढंच म्हणाली. मग ट्रिफुनला धुण्याच्या यंत्रापुढे उभं केलं.

"हे बटण पांढऱ्या कपड्यांचं. हे रंगीत. लोकरीला हात लावू नकोस, पेर्साकडे दे."

"मला कशाला सांगतेयस? तू आहेस ना?"

"आणि घेवडा रात्री भिजत घालायचा. पहिलं पाणी फेकायचं. ऐकतोयस का?"

"जिवाना, तुला झालंय काय?"

ती स्टुलावर बसली, श्वास गोळा केला आणि म्हणाली, "आणि मी गेल्यावर पेर्साशी लग्न करू नकोस. चांगली आहे, पण तिचा घेवडा कच्चा राहतो."

ट्रिफुन खाली वाकला, तिचा मोजा खाली ओढला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच. तो माणूस आयुष्यात कधी तिच्यावर ओरडला नव्हता. त्या दिवशी ओरडला.

"ऊठ! कोट घाल!"

"कोट पेर्साला दिला."

"मग माझा घाल!"

कोस्तिचबाईंनी छाती ऐकली, पाय दाबले, वजन केलं. चेहरा गंभीर होत गेला.

"मीठ खाताय?"

"देवाशपथ नाही," जिवाना म्हणाली. "पावातसुद्धा नाही. ह्याला विचारा."

"खरं आहे," ट्रिफुन म्हणाला.

"गोळ्या?"

"एकही चुकवली नाही."

"बाहेरचं काही? सूप, चीज, लोणचं?"

"अजिबात नाही. उलट मी अंगाला चांगलं तेच घेते. साखर बघा माझी किती खाली आलीय, रसोल सुरू केल्यापासून."

डॉक्टरांचा पेन कागदावरच थांबला. "काय सुरू केल्यापासून?"

"रसोल. कोबीचं पाणी. सकाळी एक, संध्याकाळी एक."

"केवढा पेला?"

जिवानानं हातानं दाखवला. मग ट्रिफुननं तिचा हात धरून आणखी जरा वर नेला. "तो पाण्याचा मोठा पेला, बाई."

कोस्तिचबाई खुर्चीत मागे टेकल्या. "आजी, त्या पिंपात मीठ किती घालता तुम्ही?"

जिवानानं दाखवायला मूठ वर केली, आणि स्वतःच त्या मुठीकडे बघितलं. दर शरद ऋतूत तीच तर घालायची. मुठीमुठीनं. जाडं मीठ.

"अरे देवा," ती म्हणाली. "ते पाण्यात उतरतं."

"दुसरं कुठे जाणार?" डॉक्टर म्हणाल्या. "मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, आणि ते पाणी तुमच्या थकलेल्या हृदयाला उपसता येत नाही. साखर रसोलनं नाही उतरली, भूक मेली म्हणून उतरली. खाणं कमी, आणि इन्सुलिन मात्र पहिल्याइतकंच घेत होतात. एखाद्या दिवशी चक्कर येऊन पडला असतात."

"म्हणजे मी मरत नाहीये?"

"दाखल करते, शिरेतून औषध देते. मग यंत्रावर हृदय बघू. आत्ता मी वचन देत नाही."

इस्पितळातल्या पहिल्या दोन दिवसांत जिवाना नुसती खाटेपासून संडासापर्यंत येरझारा घालत होती. पाणी जात होतं. घोटे दिसायला लागले. तिसऱ्या सकाळी एका उशीवर झोपून उठली, तेव्हा तिला आधी कळलंच नाही की काय वेगळं झालंय. मग कळलं, की रात्रभर तिनं स्वतःचा श्वास मोजला नव्हता.

यंत्रावर हृदय बघून कोस्तिचबाई म्हणाल्या, "गेल्या वर्षी होतं तसंच आहे. चांगलं झालेलं नाही, पण बिघडलेलंही नाही."

जिवानानं चादर तोंडावर ओढली आणि मग कुठे ती रडली, आईच्या आठवणीनं आणि सुटल्याच्या आनंदानं, मोठमोठ्यानं. बाजूच्या खाटेवरची बाई घाबरून नर्सला हाका मारायला लागली. "काही नाही हो," ट्रिफुन डोळे पुसत म्हणाला, "चांगली बातमी आहे."

दुपारी पेर्सा आली, तोच लोकरी कॉलरचा कोट घालून. दारातच तिनं कपाळ बडवून घेतलं. "मी मारलं असतं गं तुला! माझ्या जिभेला आग लागो!"

"जीभ राहू दे," जिवाना म्हणाली. "कोट काढ."

पेर्सानं कोट काढला, नीट झटकला आणि खाटेच्या कठड्यावर टाकला. मग दोघी एकदमच हसायला लागल्या. जिवाना पोट धरून हसली, आणि हसून झाल्यावरही तिला दम लागला नाही. "जावेला मात्र सांग," ती म्हणाली, "डॉक्टरला विचार म्हणावं."

घरी आल्यावर इन्सुलिनचा नवा हिशेब आला, काटा पलंगाखालून बाहेर आला. पिंपाला ट्रिफुननं कुलूप लावलं, आणि किल्ली स्वतःच कुठेतरी हरवून बसला, म्हणून दोघांनीही त्या वर्षी कोबी खाल्ला नाही.

फेब्रुवारीत द्राक्षमळ्यांचा रखवालदार संत ट्रिफुन, त्याचा दिवस आला. त्या दिवशी द्राक्षवेलींची छाटणी करून मुळाशी वाइन ओततात. टेकडीवर त्यांच्या आठ-दहा ओळी होत्या. मागचे दोन हिवाळे जिवाना वर गेली नव्हती. या वेळी गाडी वळणावर ठेवून दोघं पायी निघाले. चढावर तिला दोनदा थांबावं लागलं, पण हा दम ओळखीचा होता, थांबलं की शांत होणारा.

वर ऊन होतं. बांधावर बर्फाची पांढरी किनार उरली होती. ट्रिफुननं कात्री काढली, पहिली फांदी छाटली आणि बाटलीतून मुळाशी ओतलं. जिवाना बांधावर बसली.

"वेलीला भरभरून आणि बायकोला?" ती म्हणाली.

"बायकोला डॉक्टरांनी वास घ्यायची परवानगी दिलीय."

तिनं बाटली घेतली, लांब वास घेतला, आणि परत दिली. "खालची ओळ फार आखूड छाटतोयस," ती म्हणाली. ट्रिफुन काहीतरी पुटपुटला आणि थोडी लांब छाटायला लागला.