साडूने उचललेला आकडा

बांधकामाच्या धंद्यात ‘किती दिवस लागतील?’ या प्रश्नाला बहुतेक जण अंदाजपंचे दाहोदरसे उत्तर देतात आणि मग वर्षभर सबबी सांगत फिरतात. एका ठेकेदाराच्या ऑफिसात मात्र एक गृहस्थ असे होते, की त्यांनी दिवस सांगितले की मालक गिऱ्हाइकाला बिनधास्त तारीख देऊन टाकायचे. ऑफिसातल्या पोरांनी त्यांना अंदाजपंत म्हणायला सुरुवात केली ती चिडवायला; पण गृहस्थांना ते नाव इतकं आवडलं की बायकोनेही कधीमधी त्या नावाने हाक मारावी अशी त्यांची फार इच्छा होती. ती काही मारायची नाही.

कोणत्या कामाला किती गवंडी, किती बिगारी आणि किती दिवस, एवढंच त्यांचं काम. पण ते त्यांनी जिवापाड केलं होतं. वही-पेन घेऊन समोर उभं राहिलं की माणसं मुद्दाम हात आखडता घेतात, कारण आज जे लिहिलं जाईल ते उद्या आपल्याच गळ्यात पडणार, हे त्यांना ठाऊक असतं. म्हणून अंदाजपंत पहारेकऱ्याच्या खोलीत चहाचं निमित्त करून बसत आणि खिडकीतून गवंड्याचा हात पाहत. सिमेंट-वाळूच्या मसाल्याची परात कुठे अडते, पाण्यासाठी कोण किती वेळा उठतो, उन्हात वेग कधी उतरतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. त्यांचा आकडा चुकला असं कोणी म्हटलं तर त्या माणसाशी ते महिनाभर बोलत नसत.

अशा या माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. धाकट्या मेव्हणीच्या नवऱ्याची नोकरी गेली होती. बायको रोज उठून तेच म्हणायची, की मालक तुमच्या शब्दाबाहेर नाहीत, जरा शब्द टाका. शेवटी यांनी टाकला. साडू त्याच ऑफिसात, त्याच खोलीत, समोरच्याच टेबलावर येऊन बसला.

साडू वाईट होता असं नाही. वाईट असता तर बरं झालं असतं. तो हसतमुख होता, कोणाच्याही मदतीला धावायचा, आणि गवंड्यांना त्यांच्या मुलांच्या शाळेबद्दल विचारायचा. दोन महिन्यांत टायपिस्टबाईंपासून मुकादमापर्यंत सगळे त्याचे झाले. अंदाजपंतांना इतकी वर्षं कोणी मुलांबद्दल काही सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं म्हणा. पण हिशोब असा सरळ लावला तर तो मत्सर कसला?

आणि मत्सर तर होताच, चांगला ठसठसणारा. सासऱ्यांनी स्वयंपाकघराची फरशी बदलायला काढली आणि किती दिवस लागतील हे धाकट्या जावयाला विचारलं, तेव्हा थोरले जावई ताटावरून जवळजवळ उठलेच. बायको म्हणाली, “अहो, भाऊजी समोर बसले होते म्हणून विचारलं असेल.” पंत म्हणाले, मी काय माळ्यावर बसलो होतो? त्या रात्री त्यांना झोप आली नाही. फरशीमुळे नव्हे, आपल्याला कोणी विचारत नाही, यामुळे.

मग दवाखान्याचं काम आलं. पाच मजले, ऑफिसच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं. ते आपल्याकडेच येणार म्हणून पंतांनी टेबल आवरून ठेवलं होतं. मालकांनी नकाशे साडूच्या हातात दिले आणि पंतांना म्हणाले, “तुम्ही फक्त एकदा नजर फिरवा. नव्या माणसाला संधी द्यायला हवी.” पंत हसून ‘हो’ म्हणाले. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, ती कोणालाच दिसली नाही.

आठवड्याने साडूने केलेला अंदाज तपासायला आला. पंतांनी नजर फिरवली आणि ती फरशीच्या कामावर येऊन थबकली. एक गवंडी आणि त्याच्या हाताखाली एक बिगारी दिवसाला किती फरशी बसवतील, तो आकडा त्यांचा स्वतःचा होता. शाळेच्या इमारतीसाठी त्यांनी तो काढला होता. त्या पहारेकऱ्याच्या खोलीत बसूनच. आयत्या बिळावर नागोबा! माझंच चोरून माझ्याच डोक्यावर बसतो, असं त्यांच्या मनात आलं. आणि लगेच दुसरंही आलं. शाळेचे वर्ग ऐसपैस, तेही तळमजल्यावर. दवाखान्यात सगळ्या लहान खोल्या, प्रत्येकीला न्हाणीघर, कोपऱ्याकोपऱ्याला फरशी कापायची, आणि लिफ्ट चालू होईपर्यंत सगळा माल जिन्याने वर न्यायचा. हा आकडा इथे लागू पडणारच नव्हता. काम निम्म्या वेगाने जरी झालं तरी पुष्कळ.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पंत मूग गिळून बसले. चोरीचा माल आहे, पचतो का बघू, असं म्हणून त्यांनी खाली सही केली. साडूने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, आता मला धास्ती नाही, दादा.

फरशीचं काम सुरू झालं आणि पंत रोज काही ना काही निमित्त काढून दवाखान्यावर जाऊ लागले. पहिल्या मजल्यावरच गाडी अडली. साडूने माणसं वाढवली. पण न्हाणीघरात दोन माणसं बसली की तिसऱ्याला पाय ठेवायला जागा नाही; उरलेले गवंडी जिन्यावर बसून राहिले, आणि त्यांच्यातूनच वाट काढत बिगारी डोक्यावरून फरश्या वर नेत होते. मागून रंगारी आले, तेही खोळंबले. साडूचं हसणं कमी झालं, डोळे खोल गेले. घरी बायको म्हणाली की बहीण काळजीत आहे, भाऊजी जेवत नाहीत, तुम्ही जरा बघा ना. पंत म्हणाले, मोठं काम आहे, शिकेल. त्यांना स्वतःला मात्र त्या दिवसांत छान भूक लागत होती.

तारीख हातची गेली हे उघड झालं तेव्हा मालकांनी साडूला, पंतांना आणि मुकादमाला बोलावून घेतलं. दवाखान्याचे लोक काम काढून घ्यायच्या गोष्टी करत होते. मालकांचा आवाज चढला नाही, पण फरशीचा हा आकडा आणला कुठून, असं त्यांनी साडूला विचारलं.

“दादांचा आहे,” साडू म्हणाला. “शाळेच्या कामातला. मी तपासला नाही. दादांचा आकडा कधी चुकत नाही, म्हणून जसाच्या तसा घेतला. तरी जबाबदारी माझी.”

मालक पंतांकडे वळले. “म्हणजे तुमचाच आकडा चुकला म्हणायचं.”

इथे गप्प राहायचं होतं. साडूने सगळं स्वतःवर घेतलंच होतं. एकदा मान खाली घातली असती तर सुटले असते. पण ‘चुकला’ हा शब्द पंतांच्या कानाला सोसण्यातला नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ते ताडकन म्हणाले, की माझा आकडा बरोबरच आहे. तो मोठ्या वर्गांचा, तळमजल्याचा आहे. या बारक्या खोल्यांत आणि या जिन्याने तो कसा चालेल? कोणालाही पहिल्या नजरेत कळेल.

मुकादमाने नजर खिडकीबाहेर वळवली.

“तुम्हाला कधी कळलं?” मालकांनी विचारलं.

दिवस सांगण्यात ज्यांचा हात कोणी धरला नव्हता, ते पंत चाचपडले. “तपासताना,” ते अखेर म्हणाले.

साडू त्यांच्याकडे पाहत होता. रागाने पाहिलं असतं तर पंतांनी उलट चार शब्द सुनावले असते. पण एखाद्याला पाठमोरं पाहून ओळखीचा म्हणून हाक मारावी आणि त्याने वळल्यावर तो भलताच निघावा, तसा तो पाहत होता. “सांगायचं होतंत ना, दादा,” एवढंच तो म्हणाला.

मालकांनी कोणालाच काढलं नाही. दवाखान्याची मुदत वाढवून घेतली, त्यासाठी पदरची झीज सोसली, आणि साडू रात्रंदिवस राबून ते काम तडीस घेऊन गेला. घरी कोणी काही बोललं नाही. साडूने बायकोला काही सांगितलंच नसावं, कारण मेव्हणी अजून पूर्वीसारखीच हसून बोलते. त्याच्या या गप्प राहण्याचाही पंतांना हेवा वाटला. असं मोठं मन आपल्याला का नाही, या विचाराने त्यांच्या पोटात पुन्हा तेच दुखू लागलं.

समोरासमोरची टेबलं तशीच आहेत. परवा गोदामाचं काम आलं आणि भिंतीला किती माणसं लागतील असं साडूने पंतांना विचारलं. पंतांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला, जमीन कशी, माल कुठे उतरणार, सगळं विचारून घेतलं आणि अगदी मनापासून, तसूभरही फरक पडणार नाही असा आकडा सांगितला. साडूने तो नीट लिहून घेतला, आभार मानले, आणि छत्री उचलून म्हणाला, “जरा साइटवर जाऊन स्वतः बघून येतो, दादा.”