मागच्या रांगेतली मावशी

माझ्या मावशीचे यजमान बरीच वर्षं तुरुंगात होते. घाबरू नका, पगारी. चाव्यांचा जुडगा कमरेला लावून दिवसभर कैदी मोजायचे आणि संध्याकाळी घरी येऊन घरातली माणसं मोजायचे. सुट्टीत मी त्यांच्याकडे राहायला गेलो, की माझीही त्या शिरगणतीत भर पडे. आम्ही त्यांना काका म्हणत असू. कैदी काय म्हणत ते मावशीला ठाऊक असावं, कारण विचारलं की ती नुसती गालात हसायची.

काका वाईट नव्हते. सुट्टीला सगळ्यांना बाहेर न्यायची त्यांना भारी हौस. "माणसानं मोकळं फिरावं!" असं म्हणत आणि बागेत पोचल्यावर आम्हाला ओळीनं बसवत. एकदा तळ्याकाठी डबे उघडले आणि एक डोकं कमी भरलं. काका ताडकन उठले. मावशी जरा पलीकडे, झाडाआड, पाण्यात पाय सोडून बसली होती.

"अगं, कुठं होतीस?"

"इथंच. बसले होते."

"सांगून बसायचं!"

"अहो, बसायला काय सांगायचं? पळून थोडीच चालले होते!"

"सगळे असंच म्हणतात," काका म्हणाले. त्यानंतर सहलीत मावशी हाताच्या अंतरावरच बसू लागली.

म्हणून तिला नाटकाचं वेड. नाटक कुठलंही चाले. दिवे मालवले की काका रंगमंचात बुडून जात आणि मावशी चपला हातात घेऊन मागच्या रिकाम्या रांगेत जाई. तिथं केसांतले आकडे काढून, पाय वर घेऊन, नुसती बसे. दिवे लागायच्या आत पुन्हा जागेवर, जशीच्या तशी. गोष्ट मात्र तिला एकाही नाटकाची सांगता येत नसे. एकदा मी मागोमाग गेलो, तर म्हणाली, "जा रे बाबा पुढं. एवढं तरी मला एकटीला असू दे."

काकांना कैदी पळून जातो अशी नाटकं फार आवडत. दिवसभर ज्यांना कोंडायचं, त्यांच्यासाठी सुट्टीच्या दिवशी डोळे पुसायचे! अशाच एका नाटकात कैद्यानं साखळी तोडली, मंचावरून उडी टाकली आणि प्रेक्षकांमधून दाराकडे धावत सुटला. प्रकाशझोत त्याच्या मागे, आमच्या माना झोताच्या मागे. कैदी दारातून निसटला. झोत मागच्या रांगेवर घटकाभर रेंगाळला. तिथं मावशी होती, केस मोकळे, पाय समोरच्या खुर्चीवर, चेहरा इतका निवांत की मला ती ओळखूच आली नाही.

काकांना आली. वाटेत त्यांनी एवढंच विचारलं, "कधीपासून?"

मावशी केसांत एकेक आकडा खोचत चालत राहिली.

नाटकं बंद झाली नाहीत. काका तसे उदार. पुढच्या सुट्टीला तेच नाटक पुन्हा पाहायचं ठरलं. दिवे मालवले आणि काकांनी मावशीचं मनगट धरलं. आवळलं नाही, नुसतं धरलं, हाताला सवय असते तसं. कैद्यानं साखळी तोडली, नाट्यगृह दणाणलं. काकांचे डोळे भरून आले. टाळ्यांना दुसरा हात रिकामा नव्हता, म्हणून ते एकाच हातानं आपल्या मांडीवर थापा मारत राहिले. "पळ! पळ, शाब्बास!"

मावशी समोर बघत होती. त्या दिवशी तिनं पहिल्यांदाच अख्खं नाटक पाहिलं.