डबा पाठवला, पण उतरवला कोणी?

आमच्या ऑफिसात ॲपपेक्षा किस्से जास्त तयार होतात. ॲप एकच आहे, तेही अजून रांगतंय. किस्से मात्र इतके साचलेत की भेटायला आलेल्या माणसाचा चहा हमखास गार होतो!

ऑफिस म्हणजे चिखलीत एका कृषी केंद्राच्या माडीवरची खोली. खाली खताच्या गोण्या, वर आम्ही तिघं. मी मोताळ्याचा. अश्विनी दुसरबीडची, आमच्या चुका शोधणं हे तिचं काम, आणि छंदही तोच. तिसरा उंद्रीचा गजानन. पुण्यातली नोकरी सोडून हा सगळा कारभार त्यानंच मांडला. ॲप तसं साधं. मळणीयंत्र, रोटाव्हेटर, फवारणीचा ड्रोन, जे भाड्यानं हवं ते पहिल्या स्क्रीनवर निवडायचं. दुसऱ्या स्क्रीनवर मालकाचं नाव येतं आणि खाली 'कॉल करा' हे बटण.

गजाननच्या वडिलांना हे मुळीच पटलं नव्हतं. त्यांनी आमच्यासमोरच त्याला बजावलं होतं, "सोयाबीन निघेपर्यंत पाहतो. तोवर तुह्या मोबाइलनं कोनाच्या वावरात मशीन नेऊन दाखव. नाई तं मुकाट्यानं पुण्याले वापस जाय!"

गजानन हसला, पण त्याचा चेहरा पडला होता. त्याला इथंच राहायचं होतं. आणि खरं सांगतो, आम्हालाही.

*

एका स्क्रीनवरची माहिती दुसऱ्या स्क्रीनला आपोआप कळत नाही. दोघी शेजारी राहतात, पण बोलचाल नाही! माहिती बांधून द्यावी लागते आणि पलीकडे कोणाला तरी ती सोडून घ्यावी लागते. हे मला पुस्तकातून कळलं नाही, गजाननच्या आईच्या डब्यामुळे कळलं.

काकू रोज उंद्रीहून एस.टी.त डबा ठेवतात. कंडक्टर ओळखीचा. चिखलीच्या स्टँडवर आमच्यापैकी कोणी जाऊन तो उतरवून घ्यायचा. एकदा गजाननला वाटलं मी गेलो, मला वाटलं तो गेला. डबा थेट जालन्याला! काकूंचा संध्याकाळी फोन, "वांग्याची भाजी कशी झालती रे बापा?"

गजानन म्हणाला, "लय दूरवर गेली तिची कीर्ती!"

तेव्हापासून दुसरी स्क्रीन कोरी दिसली की अश्विनी खुर्चीतूनच ओरडते, "डबा पाठवला, पण उतरवला कोणी?" आणि दहातल्या नऊ वेळा चूक तिथंच सापडते.

*

पहिली चाचणी अश्विनीच्या मामांवर, दुसरबीडला. मामांनी चष्मा लावला, बोटानं मळणीयंत्र दाबलं. दुसऱ्या स्क्रीनवर आला फवारणीचा ड्रोन!

मामांनी पुन्हा दाबलं. पुन्हा ड्रोन. मामा शांतपणे म्हणाले, "माही सोयाबीन काढायची हाय, उडवायची नाही."

चूक माझीच. कोणतं मशीन निवडलं हे पुढे पाठवताना मी 'वरून तिसरं' एवढंच पाठवत होतो. दरम्यान जवळची मशीनं वर सरकली आणि तिसऱ्या जागेवर ड्रोन येऊन बसला. परतीच्या वाटेवर अश्विनीनं माझी पार सालटी काढली. "लग्नात नवरदेव कोण विचारलं तर नाव सांगतोस, का डावीकडून तिसरा सांगतोस? तो तिसरा पाणी प्यायला उठला म्हणजे? हार कोणाच्या गळ्यात?"

दुसऱ्या दिवशी प्रत्येक मशीनला मी त्याचा वेगळा ओळख-क्रमांक दिला.

*

मग आले फोटो. मालकांना सांगितलं होतं, मशीनचा फोटो पाठवा. मोताळ्याच्या एका मालकानं पाठवलेल्या फोटोत बायको, मुलं, आई, हार घातलेला ट्रॅक्टर आणि दोन शेळ्या. मशीन कुठंतरी मागे असावं!

फोटो प्रचंड मोठा. गजाननानं तो अख्खा उचलून एका स्क्रीनवरून दुसरीकडे पाठवला आणि ॲप जागच्या जागी बंद. "काऊन बंद पडते हे?" म्हणत त्यानं तो डोंगर पुन्हा ढकलला. पुन्हा बंद.

अश्विनी म्हणाली, "पाहुण्याला घराचा पत्ता द्यायचा असतो. घर उचलून हातात देत नाहीत!"

तेव्हापासून फोटो जागेवरच राहतो, पुढे फक्त त्याचा पत्ता जातो. शेळ्या मात्र अजून ॲपवर आहेत. एकानं त्यांच्यासाठी चौकशीही केली!

*

माझ्या आईनंही मदत केली. गाव, एकर, तारीख सगळं भरलं आणि एकदा खात्री करावी म्हणून मागच्या स्क्रीनवर गेली. परत आली तर सगळं कोरं. तिनं पुन्हा भरलं. पुन्हा कोरं. मोबाइल माझ्या हातात देत म्हणाली, "आताच तं सांगतलं याले! तुह्या आत्यासारखं हाय बाप्पा, येकच गोष्ट दहादा इचारते."

आत्या शेजारच्या खोलीतच होती. ती चूक मी त्याच दुपारी दुरुस्त केली. आई आणि आत्याचं अजून व्हायचंय.

*

आणि मग सोयाबीन काढणीला आली. आम्ही ॲपची नवी आवृत्ती लोकांच्या मोबाइलवर सोडली आणि डोळे लावून बसलो. लोक 'कॉल करा' दाबत होते, ते आम्हाला दिसत होतं. सकाळपासून धडाधड! पण मशीनवाल्यांना विचारलं तर एकच उत्तर, "नाही बा, एकबी फोन नाही."

अश्विनीनं स्वतःच बटण दाबलं. फोन लागला. पलीकडचा आवाज ऐकून तिनं मोबाइलवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "गजा, तुझे बाबा!"

गजाननानं कोड उघडला आणि घोळ सापडला. मालकाचा नंबर दुसऱ्या स्क्रीनपर्यंत पोचतच नव्हता. आणि नंबर आला नाही तर बटण रिकामं राहू नये म्हणून, चाचणीपुरता, त्यानं तिथं एक नंबर टाकून ठेवला होता. त्याला तोंडपाठ असलेला एकुलता एक नंबर. काढायचा राहून गेला होता!

"झालं. बांध बे माही बॅग," तो म्हणाला.

अश्विनी दुरुस्तीला बसली. आम्ही दोघं गाडी काढून माफी मागायला उंद्रीला. अंगणात खाटेवर बाबा, मोबाइल चार्जिंगला, वायर ताणलेली. गजाननानं तोंड उघडलं तसं त्यांनी हातानंच गप्प बसवलं.

"हाव, बोलून राह्यलो. कोन्या गावचे तुमी? कोनाचे? ... अरे, म्हंजे तुमची मावशी आमच्या गल्लीतच देल्ली! मंग तं तुमी सोयरेच निंघाले! मशीन पाह्यजे? थांबा, आमच्या शेजाऱ्याचं रिकामं हाय, लावून देतो."

फोन ठेवतात तो दुसरा वाजला. "हॅलो! कोन्या गावचे?"

फोन थांबेचनात. मग काकूंच्या हातचा चहा पिऊन, माफी न मागताच परत आलो. तोवर अश्विनीनं सगळं नीट केलं होतं. नंबर ज्याचा त्याला जाऊ लागले, मशीनवाल्यांचे फोन वाजू लागले, वावरांत मशीनं उतरू लागली. आम्हाला आनंद झाला, पण तो बाबांना कसा सांगायचा ते कळेना.

दोन दिवसांनी बाबाच माडीचा जिना चढून वर आले. हातात मोबाइल. खुर्ची पुढे केली, बसले नाहीत.

"गजा, परवापासून येकबी फोन नाही. लोकायची सोयाबीन उभी हाय अन् तुमचं ॲप बिघडलं! हे नीट झाल्याबिगर पुण्याले जायाचं नाव काढशीन तं पाह्य!"