चंद्राबाईंची सहा पानं

पत्र आलं होतं कॉलेजच्या नावाने, पण इंग्रजीतलं म्हणून प्राचार्यांनी ते माझ्याकडे सरकवलं. इंग्लंडमधल्या एका सत्तरीच्या बाईंचं होतं. त्यांचा काका आर्थर, वय एकवीस, १९४४च्या पावसाळ्यात त्याचं बॉम्बफेकी विमान पोलादपूरच्या डोंगरात धुक्यात कोसळून गेला. त्याची कबर कुठे आहे, एवढंच त्यांना विचारायचं होतं. तब्येत साथ देतेय तोवर येऊन फुलं ठेवायची होती. खाली विमानातल्या सगळ्यांची नावं लिहिली होती.

मी सहज वर्गात विचारलं. समीक्षा नावाची मुलगी म्हणाली, "मॅडम, माझी आजी दरवर्षी त्यांची पानं वाढते."

रविवारी मी तिच्या घरी गेले. आंबेनळीच्या रस्त्यावर एसटीतून उतरून अर्धा तास चढ. चंद्राबाई ओटीवर वाल सोलत होत्या. वय ब्याऐंशी. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा पंधरा वर्षांच्या. विमान पडलं त्यानंतर चौदा-पंधरा वर्षांनी. पण सासूने सांगितलेलं त्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतात.

"तीन दिस पाऊस हटला नाय. उघडीप पडली तसा माझा सासरा पांडू आन् आणखी चौघं वर गेले. माणसं पडलेली. कातळावर खड्डा कुठं खणनार? आन् वरवर पुरलं तर तरस उकरतंय. मग जाळायचं ठरलं. पण आषाढात सुकं लाकूड कुठनं आणशील?"

प्रत्येक घरात पावसाळ्यासाठी सरपण रचून ठेवलेलं असतं. तेच दिलं, सगळ्या वाडीने. पुढचा महिनाभर कोणाच्या चुलीवर धड भात शिजला नाही. ओल्या लाकडाच्या धुराने सासूचे डोळे जे बिघडले ते कायमचेच.

"साहेब लोक आठ दिवसांनी आलं. लोखंड मोजून घेऊन गेलं. माणसं किती व्हती, कोनी इचारलं नाय."

तेव्हापासून सर्वपित्रीला या घरात आपल्या पितरांबरोबर सहा पानं जास्त वाढली जातात. नावं ठाऊक नाहीत, म्हणून 'वरचे सहाजण' म्हणून हाक मारायची. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिने चंद्राबाईंना शेताच्या बांधांबरोबर हेही सोपवलं. साठ-बासष्ट वर्षं त्यात खंड नाही. बाळंतपणातही जावेकडून करून घेतलं.

मी आर्थरच्या पुतणीचं पत्र समजावून सांगितलं. कबर म्हटल्यावर त्यांचे हात थांबले.

"त्यांच्यात पुरतात नाय का? मग जाळलं म्हनून रागावंल ती."

समीक्षाने फोन लावून दिला; चंद्राबाईंचा मुंबईला असलेला मुलगा राजेश माझ्याशी बोलला. "मॅडम, काय लिहू नका. माहीत नाय म्हणा. उद्या पोलीस दारात नकोत."

"अहो, ऐंशी वर्षं झाली त्याला."

"आमच्या जमिनीची केस आजोबांच्या वेळची आहे, अजून तारखा पडतायत. ऐंशी वर्षांचं काय घेऊन बसलात?"

चंद्राबाईंनी फोन माझ्या हातातून घेऊन बंद केला. "नावं वाच," म्हणाल्या.

मी एकेक नाव सावकाश वाचलं. प्रत्येक नावाला त्या एक बोट मिटत होत्या. शेवटचं झाल्यावर म्हणाल्या, "एक दोनदा वाचलंस, बाय."

मी पुन्हा वाचलं. सात होती.

त्यांनी पुन्हा बोटं मोजली. मग हळूच म्हणाल्या, "सासूनं मला सहाच दिले."

सातवा कुठे दरीत पडला, झाडीत अडकला, कोण सांगणार? इतकी वर्षं तो उपाशी राहिला, हे त्यांच्या मनातून जाईना. वाल तसेच राहिले.

मला त्यांची दया आली, आणि त्या परक्या बाईंचीही. मी म्हटलं, "आजी, आपण लिहू, सगळ्यांचं नीट झालं. तिला बरं वाटेल."

"आन् तिचाच काका सातवा असला तर?"

"ते कधी कुणाला कळणार नाही."

"तुझा पोर काय करतो म्हनालीस?"

आल्या-आल्या बोलण्याच्या ओघात मी सांगून बसले होते. आमोद विमान चालवायला शिकतो. त्याच्याकडची हवा बिघडली की माझं कशात लक्ष लागत नाही. मोबाइलवर त्याच्या गावचे ढग बघत बसते.

"मग तू सांग. तुला काय लिवलेलं चालंल?"

ज्या गोष्टीचा विचार मी दिवसभर दूर ठेवते, ती त्यांनी वालाच्या सुपाशेजारी आणून ठेवली होती. शेवटी म्हटलं, "खरं ते."

"मग तसंच लिव."

लिहिलं. सहाजण सापडले, त्यांना अग्नी दिला. सातवा सापडला नाही. तुमचा काका यातला कोण, आम्हाला सांगता येत नाही. पत्र ईमेलने पाठवलं आणि पंधरा दिवस मीच धास्तावून राहिले.

सर्वपित्रीच्या सकाळी उत्तर आलं. मी पोचले तेव्हा पानं मांडून झाली होती, जास्तीची सात. कुठल्या पानाला कुठलं नाव घ्यायचं हे ठरेना, म्हणून चंद्राबाईंनी सगळ्यांची नावं एकदमच घेतली. मी सांगत होते, त्या मागोमाग म्हणत होत्या. आर्थरचा 'आरतर' झाला.

मग मी उत्तर वाचून दाखवलं. चार ओळी होत्या. रागाचा शब्द नव्हता. कबरीचंही पुन्हा विचारलं नव्हतं. आज पानावर काय काय वाढता, एवढं कळवाल का, असं विचारलं होतं.

चंद्राबाईंनी पदराने तोंड पुसलं. "लिव. भात, वरन, वडे, भोपळ्याची भाजी, अळू, खीर."

मी लिहून घेतलं.

"खीर बुडाला लागली जरा. तेबी लिव."